ती आता कोणत्या नावानं सापडेल?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'समाजमाध्यमं आणि व्यावसायिक संपर्क' असं छापलं आहे. सकाळी चहाच्या रांगेत दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'हे कंपनीतल्या बायकांचं आपल्याकडे कशाला?' प्रश्न रास्त आहे. 'नेटवर्किंग' म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर कोट घालून एकमेकांना कार्डं वाटणारे पुरुषच यायचे. तेव्हा तो शब्द जरा बाजूला ठेवू. मी दुसरंच विचारते.

तुम्ही ज्या संस्थेत पहिल्यांदा काम केलंत, तिथे तुमच्या शेजारी कोण बसायची? जिच्याबरोबर वस्तीत फिरलात, जिच्या डब्यातली भाकरी खाल्लीत, जिचा हात धरून पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढलात, ती आज कुठे आहे? तिचा चालू फोन नंबर तुमच्याकडे आहे का? असेल त्यांनी हात वर करा.

(चाळीसजणींपैकी नऊ हात वर झाले.)

नऊ. आणि आपण सगळ्या माणसं जोडायचं काम करणाऱ्या! बाकीच्या एकतीसजणींचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. प्रकल्प संपला, लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली, सासू अंथरुणाला खिळली, मूल झालं. जिल्हा बदलला तसा नंबरही बदलला. पुरुष सहकारी बहुतेक त्याच गावात, त्याच आडनावानं, त्याच चहाच्या टपरीवर सापडतात. बाई मात्र कामातून गेली की नकाशावरूनच जाते.

आपल्या चळवळीला संपर्काचं हे काम नवीन नाही. मथुरा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्या पत्राच्या प्रती हातोहात गेल्या आणि ८ मार्च १९८० ला देशातल्या कितीतरी शहरांत बायका रस्त्यावर आल्या. तेव्हा कुणाकडे मोबाइल होता? घरी साधा फोन असणाऱ्याही थोड्याच. पत्त्यांच्या वह्या होत्या, पोस्टकार्डं होती, आणि कुठल्या गावात कुणाकडे मुक्काम करायचा हे तोंडपाठ असलेल्या बायका होत्या. माझ्या पहिल्या संस्थेच्या संस्थापक ताईंकडे अशी एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात एकेका नावापुढचे पत्ते तीन-तीनदा खोडून नवे लिहिलेले. मी ती वही चाळायचे तेव्हा मला वाटायचं, किती हा जुनाट प्रकार! आज वाटतं, पत्ता बदलला तरी बाई हातची जाऊ द्यायची नाही, यासाठी केवढी खटपट होती ती.

आता माझी गोष्ट सांगते. गोष्टीतली बाई, तिचं गाव, आमचं केंद्र, कुणाचंच नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढे कळेलच, कारण त्यात माझीच चूक आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर २०१६ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात रुजू झाले. माझ्या आधी तिथे जी मुलगी होती तिचं लग्न ठरलं होतं. पंधरा दिवस ती आणि मी एकत्र होतो. तिनं मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कोणता हवालदार बरा, कोणत्या वकिलाकडे बाईला पाठवायचं नाही, हे सांगितलं, आणि ती गेली. तिचं अक्षर मोत्यासारखं. पुढची पाच वर्षं मी त्या अक्षरातल्या जुन्या नोंदी वाचत होते. तिचा नंबर सुरुवातीला होता, मग तो लागेनासा झाला. मीही फारसा शोध घेतला नाही.

मार्च २०२१ मध्ये केंद्र बंद पडलं. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे माहीत आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेनं आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आमच्यासारख्या लहान संस्था मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या निधीवरच उभ्या होत्या. केंद्राच्या फायली एका गोणीत भरून ताईंच्या घरी गेल्या, आणि आम्ही चौघीजणी चार दिशांना.

२०२३ साली एका वकीलबाईंचा फोन आला. आमच्या केंद्रात २०१५ साली आलेल्या एका बाईनं कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला होता. नवऱ्याचं म्हणणं असं की, आमचा संसार सुखाचा होता, भांडण झालं ते अलीकडे, घराच्या वाटणीवरून. बाईनं आठ वर्षांपूर्वी, डोळा सुजलेला असताना, आमच्या केंद्रात तक्रार नोंदवली होती. नोंद गोणीत सापडली. मोत्यासारखं अक्षर. पण वकीलबाई म्हणाल्या, 'कागद आहे ते बरं झालं. मात्र जिनं लिहिला तिनं कोर्टात येऊन सांगितलं पाहिजे.'

शोधायचं ठरलं. आता मैत्रिणींनो, शोधायचं कोणत्या नावानं?

हा प्रश्न फक्त आपलाच आहे. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. वडिलांचं नाव जातं तिथे नवऱ्याचं येतं, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं पहिलं नावही लिहिलं जातं. तिन्ही बदलले! फेसबुकला हे काय ठाऊक? जुन्या नावानं शोधलं तर तिचं एक खातं सापडलं. त्यावर शेवटचा फोटो २०१५ चा, कुठल्यातरी मेळाव्यातला. पुढे काही नाही. लिंक्डइनवर त्या नावाच्या अनेकजणी, ही एकही नाही. आडनावावरून जात कळते म्हणून आडनावच न लावणाऱ्या आपल्या मैत्रिणी आहेत, त्यांना शोधणं तर आणखी कठीण.

मग मी जे केलं ते ऐका. आमच्या भागातल्या आजी-माजी कार्यकर्त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अडीचशेच्या आसपास माणसं. त्यात मी लिहिलं: अमुक साली अमुक केंद्रात काम करणारी अमुक मुलगी कुणाला माहीत आहे का, कोर्टात साक्षीसाठी तातडीनं हवी आहे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण लोकांनी मनावर घ्यावं म्हणून मी आणखी दोन ओळी लिहिल्या. बाई कोणत्या गावची, नवरा शाळेत शिक्षक आहे, बिचारीला पुरावा मिळत नाही. बाईचं नाव लिहिलं नाही. आपण गुप्तता पाळली, असंच मला तेव्हा वाटत होतं.

त्या अडीचशेत नवऱ्याचा आतेभाऊ होता. तिसऱ्या दिवशी चार माणसं तिच्या भावाच्या दारात उभी राहिली. 'साक्षीदार गोळा करताय काय?' मारामारी झाली नाही. पण भाऊ घाबरला. तिला त्याच्याच घरी आसरा होता. तिनं मला फोन केला आणि एकच विचारलं, 'ताई, मी तुम्हाला सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगितलं?' पुढे तीन आठवडे तिनं माझा फोन घेतला नाही. वकीलबाईंनी मला जे सुनावलं ते इथे सांगत नाही, पण ते सगळं खरं होतं. गावाचं नाव आणि नवऱ्याची नोकरी एवढ्यावर कुठलीही बाई ओळखू येते. पदव्युत्तर शिक्षणात गुप्ततेवर मी दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आणि अंगठ्याच्या एका दाबानं मी ते मोडलं.

हे मी एवढं उगाळून सांगते, कारण ही चूक आपण रोज करतो. मदतीच्या भावनेनंच करतो. बाईचा फोटो, अर्जाचं पहिलं पान, एफ.आय.आर.ची प्रत, 'कुणीतरी मार्ग सुचवा' म्हणून ग्रुपवर टाकतो. बलात्कारातल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ प्रमाणे तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, साक्षीदार, कुणाचीच ओळख प्रसिद्ध करता येत नाही. पण कायद्याचं सोडा. त्या बाईनं आपल्याला सांगितलं होतं, अडीचशे जणांना नाही.

मग ती सापडली कशी? केंद्रात झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. ताईंनी सहज विचारलं तर मावशी म्हणाल्या, 'तिची पत्रिका हाय की माझ्याकडं.' लग्नाची पत्रिका! सात वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेली, कारण तिच्यावर गणपतीचं चित्र चांगलं होतं. पत्रिकेवर नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. त्यावरून फेसबुकवर नवऱ्याचं खातं सापडलं आणि लग्नातला फोटो.

इथे मी थांबले. एक चूक करून बसले होते म्हणूनच थांबले असेन. नवऱ्याला निरोप पाठवणं सगळ्यात सोपं होतं. पण तिच्या घरात काय परिस्थिती आहे मला काय माहीत? ती पूर्वी कोर्टकचेऱ्या करायची हे सासरी कितपत सांगितलेलं आहे? 'साक्षीला बोलावणं आलंय' हा निरोप नवऱ्याच्या हातून गेला तर तिच्यावर काय वेळ येईल? आपण जिचे समुपदेशक होतो तिच्याबाबत आपण हा विचार करतो. सहकारणीबाबत करत नाही, जणू आपल्यातल्या कुणाच्या घरी काही घडतच नाही. मी नवऱ्याच्या खात्यावरून तिचं नव्या नावाचं खातं शोधलं आणि तिलाच दोन ओळी लिहिल्या: 'मी तुझ्यानंतर तुझ्या टेबलावर बसलेली. तुझं अक्षर अजून आठवतं. सवडीनं आणि एकटी असशील तेव्हा फोन कर.' खटल्याचा शब्दही नाही. अनोळखी माणसाचा निरोप फेसबुकवर वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो, तो बऱ्याच जणी कधी उघडतच नाहीत. अकराव्या दिवशी फोन आला. पहिलं वाक्य होतं, 'त्या कपाटाची खालची कडी नीट लागते का गं आता?'

ती आली. नाशिक जिल्ह्यातून रात्रभर एस.टी.नं आली, साक्ष दिली, उलटतपासणीत डगमगली नाही. त्या बाईनंही शेवटी माझा फोन घेतला. प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून त्याबद्दल इतकंच.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून आम्ही दोघींनी डबा खाल्ला. तेव्हा ती म्हणाली, 'सात वर्षं मी काहीच केलं नाही. मला आता कोण काम देणार?' तीन माणसांचं आजारपण आणि दोन मुलं, याला ती 'काहीच नाही' म्हणत होती. त्या वेळी मीही दोन वर्षं घरी होते. काम शोधत होते, आणि माझ्याकडे अनुभवाचं प्रमाणपत्रसुद्धा नव्हतं, कारण देणारी संस्थाच राहिली नव्हती. आपण बंद पडलेल्या संस्थांमधल्या बायका. आपल्या कामाचा पुरावा म्हणजे आपण एकमेकीच. 'हो, ही माझ्याबरोबर होती, हिनं हे केलं,' असं सांगणारी दुसरी बाई. ती हरवली की आपली पाच-सात वर्षं हवेत जातात. सत्राचा विषय मला तेव्हा पहिल्यांदा समजला.

त्याच आठवड्यात मी लिंक्डइनवर नीट खातं उघडलं. हे संकेतस्थळ २००३ पासून आहे आणि ते नोकरी-व्यवसायासाठीच आहे. फेसबुकवर आपण नातेवाईक, वाढदिवस, सत्यनारायण सगळं एकत्र करतो, तसं इथे अपेक्षित नाही. इथे आपण कुठे, किती वर्षं, काय काम केलं ते लिहायचं. मी पहिल्यांदा लिहिलं, 'समुपदेशक, पाच वर्षं.' मैत्रीण म्हणाली, हे काय रेशनकार्ड आहे? मग लिहिलं: हिंसाचारग्रस्त स्त्रियांचं समुपदेशन, पोलीस आणि संरक्षण अधिकाऱ्यांशी समन्वय, गावपातळीवर प्रशिक्षणं. आकडे आठवत होते तेवढेच घातले. आपल्याला स्वतःबद्दल लिहिताना लाज वाटते. संस्थेच्या अहवालात आपण 'केंद्रामार्फत अमुक इतक्या महिलांना मदत करण्यात आली' असं लिहितो. करण्यात आली म्हणजे कुणी केली? आपणच केली ना? अहवालाची ती सवय इथे सोडावी लागते.

आणि घरी काढलेली वर्षं लपवायची नाहीत. २०२२ पासून लिंक्डइननं कामातल्या खंडाचीही रीतसर नोंद करायची सोय दिली आहे, आणि कारणांमध्ये घरच्या आजारी माणसांची देखभाल, मुलांचं संगोपन हेही आहे. घरकामाला काम म्हणा, असं आपण इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय. अमेरिकेतल्या एका कंपनीनं दिलेला तो रकाना म्हणजे काही क्रांती नाही. पण भरायला काय हरकत आहे? माझ्या त्या सहकारणीनं तो भरला. लग्नाआधीचं नावही नोंदवलं. ते नोंदवायची सोय फेसबुकवर आणि लिंक्डइनवर दोन्हीकडे आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. तिला अजून कायमचं काम मिळालेलं नाही. दोन महिन्यांचं एक प्रशिक्षणाचं काम मिळालं, ते तिनं केलं. मला मात्र मिळालं, आणि ते जिच्यामुळे मिळालं तिच्याशी मी आयुष्यात एकूण तीनदा बोलले असेन. २०१८ च्या एका प्रशिक्षणात आम्ही एका खोलीत राहिलो होतो.

यामागे एक जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, ही बातमी देणारं माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचं? बहुतेकांची उत्तरं 'अधूनमधून' किंवा 'क्वचित' अशी होती. रोज भेटणाऱ्या मैत्रिणीला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. नवी बातमी दुरून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांची पाच वर्षांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं आणि मध्यम अंतरावरच्या ओळखी सर्वात उपयोगी ठरल्या. मात्र ज्या क्षेत्रांत संगणकाचा वापर कमी, तिथे जवळच्या नात्यांचाच जोर जास्त दिसला. आपलं क्षेत्र बहुधा या दुसऱ्या गटातलं. म्हणून मी असं म्हणत नाही की अनोळखी पाचशे माणसं जोडा. एका खोलीत राहिलेली, एका मोर्चात चाललेली, एका टेबलावर मागे-पुढे बसलेली, अशा वीस-पंचवीसजणी शोधा. त्यांना कामाची गरज पडायच्या आधी शोधा. काम हवं असतानाच आठवण येते, हे कुणालाही बोचतं.

जुन्या सहकारणी सापडल्यामुळे काय होऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्यासमोर घडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी ट्विटरवर एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. आरोप त्यांनी नाकारले आणि बदनामीचा खटला भरला. तेव्हा 'एशियन एज' या दैनिकात पूर्वी काम केलेल्या जवळपास वीस स्त्रियांनी एकत्र निवेदन काढलं की आमचंही ऐकून घ्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सहकारणी, कोण कुठल्या शहरात, कोण पत्रकारिता सोडून गेलेली. एका कचेरीत प्रत्येकीनं एकटीनं जे सोसलं असं तिला वाटत होतं, ते एकटीचं नव्हतं हे त्यांना कळलं. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयानं रमाणी यांना निर्दोष ठरवलं आणि सांगितलं की स्त्री आपली तक्रार कितीही वर्षांनी, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडू शकते. त्यावर अकबर यांनी अपील केलं. निवेदनावर सह्या करणाऱ्या त्या बायका एकमेकींना सापडल्याच नसत्या तर?

पण त्या इंग्रजी लिहिणाऱ्या, महानगरातल्या स्त्रिया होत्या, हेही विसरू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. माझ्या गोष्टीत शोध लागला तो मावशींच्या ट्रंकेतून. आणि मावशी आमच्या एकाही ग्रुपमध्ये नव्हत्या. एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांचा ग्रुप वेगळा, वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तींचा वेगळा, मदतनीस कुठेच नाही. ही उतरंड आपण मोबाइलमध्येही जशीच्या तशी उचलून नेली आहे. ज्यांना लिहायला त्रास होतो त्या आवाज मुद्रित करून पाठवू शकतात. साधा फोन असेल तर महिन्यातून एकदा सरळ फोन करावा. लिंक्डइनवर इंग्रजीच पाहिजे असा नियम नाही. मी मराठीतही लिहिते. वाचणारे कमी असतात, पण जे वाचतात ते आपले असतात.

काळजीच्या काही गोष्टी सांगते आणि थांबते, जेवणाची घंटा होईल.

ही सगळी ॲप सुरुवातीला विचारतात, 'तुमच्या फोनमधली संपर्कयादी जोडू का?' समुपदेशनाचं काम करणाऱ्या बाईनं यावर 'नको' म्हणायचं. तुमच्या फोनमध्ये पीडित बायकांचे नंबर आहेत, त्यांच्या नवऱ्यांचे आहेत, पोलिसांचे आहेत. यादी जोडली की 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून कुणाचं नाव कुणापुढे येईल, ते आपल्या हातात राहत नाही. शक्य असेल तर कामाचा नंबर वेगळा ठेवा. लिंक्डइनवर तुम्ही कुणाचं पान पाहिलंत हे त्याला कळू शकतं. ते बंद करता येतं, मी ते जेवणानंतर दाखवीन. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात आणि साधारणपणे प्रत्येकाला प्रत्येकीचा नंबर दिसतो. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे तुम्ही ठरवू शकता. तेही दाखवीन.

आणि हो, नोकरीच्या संकेतस्थळावरसुद्धा पुरुष 'तुमचा फोटो छान आहे' असं लिहितात. मला आजवर असे बरेच निरोप आले, एक तर निवृत्त अधिकाऱ्याचा होता. उत्तर द्यायचं नाही, पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, त्याला बंद करायचं, आणि आपल्या इतर मैत्रिणींना त्याचं नाव सांगायचं. नोंदणी शुल्क मागणारी नोकरी ही नोकरी नसते, हेही लक्षात असू द्या.

आता ही वही मी फिरवते आहे. निळी नाही, जवळच्या दुकानात लालच मिळाली. प्रत्येकीनं आपलं नाव लिहायचं, शेजारच्या रकान्यात लग्नाआधीचं किंवा कामावर असतानाचं नाव, मग पूर्वीच्या संस्था आणि वर्षं, आणि शेवटी, कुणामार्फत निरोप दिला तर तुम्हाला सोयीचं आणि सुरक्षित होईल, ते. तो शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. जिला नंबर लिहायचा नसेल तिनं नुसतं नाव लिहावं. या पानांचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही. स्वयंपाकघरात ज्या तिघी आपल्यासाठी सकाळपासून राबताहेत त्यांच्याकडेही वही न्यायची आहे. त्यातल्या एक माझ्याबरोबर २०१७ च्या शिबिरात होत्या, आत्ता चहा देताना त्यांनीच मला ओळखलं.